फाटकाशी गॅसवाले आले तर

ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स राज्यातल्या नॅराब्रायजवळ थोडी शेती घेऊन राहणाऱ्या मैत्रिणीचा परवा फोन आला. "ताई, गॅस कंपनीची दोन माणसं कागद ठेवून गेली. आता?" ह्याच राज्यातल्या लिस्मोरला मी २०१२ पासून गॅसच्या बोअरविरुद्धच्या ह्या भानगडीत आहे. तिला जे लिहून पाठवलं, तेच इथे देते.

सही करू नकोस. जमीन तुझी असली तरी खालचा गॅस सरकारचा. परवाना तेच देतं. पण गॅससाठी बोअर मारायला आत यायचं तर कंपनीला तुझ्याशी करार करावा लागतो, नाही जमलं तर प्रकरण लवादाकडे जातं. म्हणून आधी वकील.

मग एक दोनशेपानी वही घे. कोण आलं, किती वाजता, किती मिनिटं थांबलं, काय विचारलं, सगळं शाईने लिही. कंटाळवाणं काम आहे, पण सांगते का. २०१४ मध्ये लिस्मोरजवळच्या बेंटलीला मेटगॅस्को ह्या गॅस कंपनीला बोअर घ्यायचा होता. लोक काही महिने शेताच्या फाटकाशी तंबू ठोकून बसले, शेकडो पोलीस आणायची तयारी झाली. मे महिन्यात सरकारने परवाना स्थगित केला. कारण पाणी खराब होण्याचं दिलं नाही. कंपनीने स्थानिकांशी खरीखुरी सल्लामसलत केली नाही, हे दिलं. पुढच्या वर्षी कोर्टाने ती स्थगिती उडवली, आणि शेवटी सरकारने अडीच कोटी डॉलर मोजून परवाने परत घेतले. तेव्हा "चर्चा झाली" असं कोणी अहवालात लिहिलं, तर तुझी वही समोर ठेवता आली पाहिजे.

तिसरं काम रस्त्याचं. आमच्याकडे लिस्मोरजवळच्या दि चॅनन गावापासून ही पद्धत पसरली. आपल्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: हा रस्ता गॅसच्या बोअरपासून मुक्त हवा का? हो, नाही, माहीत नाही. पटवायला बसायचं नाही. माझी आई जिल्हा परिषदेची शिक्षिका, जनगणनेच्या ड्युटीवर उन्हातान्हात फिरलेली. तरी मी पहिल्याच दिवशी माती खाल्ली. एका बाईने नवऱ्याच्या वतीनेही "हो" सांगितलं, मी लिहून टाकलं. नवरा गुरं बघायला गेला होता. संध्याकाळी त्याचा फोन: "माझं मत मी सांगेन." त्याचं उत्तर निघालं "माहीत नाही." तेव्हापासून माणशी एक ओळ, आणि त्याच माणसाच्या तोंडून. "नाही"वाले लपवू नकोस. त्यांच्यामुळेच बाकीच्या आकड्यावर विश्वास बसतो. २०१२ च्या निवडणुकीत लिस्मोर कौन्सिलने हाच विषय मतदानाला घातला, तेव्हा सुमारे ८७ टक्के लोक गॅसच्या विरोधात गेले. कोणाला नवल वाटलं नाही. आम्ही घरं मोजलेली होती.

(कुत्र्यांची नावं वहीत लिही. दुसऱ्या फेरीला उपयोगी पडतात.)

तुमच्या नॅराब्रायच्या गॅस प्रकल्पावर २०१७ मध्ये जवळजवळ २३,००० निवेदनं गेली, बहुतेक विरोधातली. तरी २०२० मध्ये मंजुरी मिळाली, १३४ अटींसह. त्या अटी छापून भिंतीवर लाव. एकेक अट घेऊन विचार: ह्याचा अहवाल कुठाय? आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखा इथे २००९ चा कायदा आहे. रीतसर अर्जाला तीस डॉलर, निर्णय वीस कामकाजी दिवसांत. आधी साध्या ईमेलने माग, पुष्कळदा फुकटात मिळतं. अर्जात "सर्व कागदपत्रं" लिहू नकोस, फाईल फुगते आणि अर्ज लटकतो. अट क्रमांक, तारखेपासून तारखेपर्यंत, बस्स.

आणि नव्या मोठ्या प्रकल्पावर आक्षेप मागवले तर शेजाऱ्यांना एकच छापील मजकूर वाटू नकोस. पन्नास वेगवेगळे आक्षेप आले की विषय स्वतंत्र नियोजन आयोगाकडे जातो. एकाच साच्यातली पत्रं एकच धरतात. ज्याने त्याने आपल्या विहिरीचं, आपल्या गुरांचं लिहावं, मोडक्या इंग्रजीत का होईना. मसुदा मला तपासायला पाठवू नकोस. मी हात लावला की तो माझा होईल.