सांगलीच्या पावसात जुना ड्रॅक्युला कसा बघावा

एक तर दुपारी बघू नका. जुलैतली रात्र धरा, कृष्णेचं पाणी चढलेलं, पत्र्यावर पाऊस, घरातले झोपलेत, मग लाईट बंद करून हेडफोन लावा. मोबाईलवर नको, लॅपटॉप तरी घ्या, कारण यात डोळे बघायचेत.

सुरुवात १९३१ च्या पिक्चरपासून, त्यात बेला लुगोसी हा नट रक्त पिणारा ड्रॅक्युला झालाय. लोक म्हणतात लई स्लो आहे, सुळे पण दाखवत नाहीत, मग भ्यायचं कशाला? अहो पण आपण भ्यायला बसलोयच कुठं! म्युझिक जवळपास नाहीच, तो झोपलेल्या बाईच्या गळ्याशी वाकतो आणि सीन कट, पुढचं सगळं आपल्याच डोक्यात चालतं. इथं ज्यानं पिक्चर पुढं ढकलला त्याचा विषय संपला. त्याच्या डोळ्यांवर पाडलेला बारीक उजेड बघा, आणि तो हंगेरियन हेल, शब्द ओढत ओढत बोलणं, एकदा सबटायटल न वाचता नुसतं ऐका. (त्याच सेटवर रात्रीचं शूटिंग करून स्पॅनिशमधे पण काढलाय, त्यात बायकांचे गळे जरा जास्तच खोल आहेत, तो नंतर निवांत.)

मग १९५८ चा, रंगीत, ख्रिस्तोफर ली. हा गडी सुरुवातीला वाड्यात काय चार वाक्यं बोलतो तेवढीच, नंतर गप्प, नुसतं येऊन दारात उभं राहणं. यात ड्रॅक्युला ज्या बाईच्या मागं लागलाय त्या लुसीचा सीन दोनदा बघा. ती गळ्यातला क्रॉस काढते, बागेकडचं दार स्वतः उघडते आणि पलंगावर येऊन वाट बघत पडते. तो अजून आलेलाच नसतो! कोण येणारे हे तिला पक्कं माहितीय, भीती पण आहे, तरी कडी तीच काढते. माझ्या मते सगळी नशा त्या वाट बघण्यात आहे, चावणं म्हणजे नुसती पावती.

भडंग घेऊन बसू नका. लसूण असतो म्हणून नाही, कुरकुरीनं ती शांतता मोडते म्हणून. आणि प्रत्येक सीनला जोक मारणारा एक मित्र असतोच, त्याला बोलवू नका, नवरा-बायको दोघंच बरे.

आमच्याकडं परवा नेमकी लुसी दार उघडते तिथंच लाईट गेली. बायको म्हणाली, मागच्या दाराची कडी बघून या. मी म्हटलं, तूच जा की.