उत्खननातल्या नक्षीदार बकलाचं चित्र कसं काढायचं

पहिला नियम आधीच सांगून टाकते: नक्षीला हात शेवटी लावायचा.

कोल्हापुरातल्या मुलांचा हात शेडिंगला तयार असतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड काढलेली, पितळेचा तांब्या कागदावर चकाकता उभा करणारी मुलं माझ्याकडे येतात आणि नक्षीदार वस्तू समोर ठेवली की थेट वेलबुट्टीवर तुटून पडतात. पुरातत्त्वाच्या चित्राचं काम वेगळं आहे. वरवर काय दिसतं ते फोटोत येतंच. वस्तू चालायची कशी, हे चित्रानं सांगायचं.

इंग्लंडमधल्या सटन हू इथलं सोन्याचं बक्कल बघा. जहाजासकट पुरलेल्या एका थडग्यात १९३९ साली ते सापडलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीचं, लांबी १३.२ सेंमी, वजन ४१२.७ ग्रॅम. दर्शनी बाजूवर एकमेकांत गुंतलेले प्राणी, त्यांच्या अंगावरच्या बारीक रेघांत नायेलो नावाचं काळं मिश्रण भरलेलं. नजर तिथेच अडकते. पण हे बक्कल आतून पोकळ आहे आणि त्याचा मागचा पत्रा बिजागरीवर उघडतो. कुणी नुसती पुढची बाजू काढून दिली, तर ही सगळ्यात मोठी गोष्टच राहून जाईल.

सरावाला पुराणवस्तू लागत नाही. माझे आजोबा संस्थानात पट्टेवाले होते. त्यांच्या पट्ट्याचं पितळी बक्कल मी वर्गात वापरते. तुमच्या घरी जुनं बक्कल असेल तर तेच घ्या, फक्त चिंच-मीठ लावून लख्ख करू नका. हत्यारांच्या खुणा, झीज, हिरवट थर, हे सगळं आपल्याला काढायचं आहे. उत्खननातल्या वस्तूला तर स्वच्छतेसाठी बोटही लावायचं नाही. तांब्याच्या क्षारांपुढे जंतूंचं फारसं चालत नाही, त्यामुळे पत्र्याच्या घडीत चामड्याचा किंवा दोऱ्याचा तुकडा शतकानुशतकं टिकलेला असू शकतो. घासला की गेला.

वस्तू वाळू भरलेल्या छोट्या कापडी पिशवीवर टेकवा. क्ले नको, त्याचं तेल धातूला लागतं. दिवा वरून डावीकडून. हा संकेत जगभर पाळतात, म्हणून खोलगट काय नि उठावाचं काय हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. खाली ग्राफ पेपर ठेवा, गुण्या उभा धरून कडेचा एकेक बिंदू कागदावर उतरवा आणि ते बिंदू २एच पेन्सिलीनं जोडा. मापं प्लास्टिकच्या व्हर्नियर कॅलिपरनं घ्या. स्टीलचा ओरखडा उठतो.

आता चौकट, काटा, पत्रा आणि रिवेट हे चार भाग वेगवेगळे ओळखा. काटा कशाभोवती फिरतो? पत्रा एकच आहे आणि दुमडलाय, की दोन पत्रे रिवेटनं जोडलेत? चामडं नेमकं कुठे अडकायचं? याची उत्तरं मिळेपर्यंत पुढे जाऊ नका. समोरच्या दृश्याशेजारी बाजूचं दृश्य काढा, मग छेद, म्हणजे वस्तू मधून कापली तर दिसेल ते, मग मागची बाजू. एकाच पातळीवरचे बिंदू सगळ्या दृश्यांत एकाच ओळीत यायला हवेत.

झीज तर मी फार जपून काढायला लावते. आजोबांच्या बकलावर काटा टेकायचा तिथे चौकटीला खाच पडली आहे, आणि ती मधोमध नाही, जरा डावीकडे सरकलेली आहे. काटा सैल होऊन एका अंगाला कलला होता, तरी पट्टा रोज बांधला जात होता. मुलं चौकटीची कड सफाईदार काढून मोकळी होतात. मी तेवढा भाग खोडायला लावते.

नक्षी आता. आधी ती कशी उमटवली ते भिंगाखाली बघा. मध्ययुगीन युरोपातल्या पुष्कळ बकलांच्या पत्र्यावर एक नागमोडी रेघ दिसते; कोरायचं हत्यार डावी-उजवीकडे डोलवत पुढे ढकललं की ती उमटते. म्हणजे ती सलग लाट नव्हे, छोटे छोटे तिरपे घाव आहेत. तसेच काढा. पुसट झालेला भाग मनानं पुरा करू नका; अगदीच हवा असेल तर तुटक रेघेनं दाखवा.

आपल्याकडचं काही बघायचं तर खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जा. मूर्तींच्या कमरेवरच्या मेखला निवांत न्याहाळा. नक्षीचा ओघ समजायला त्यासारखा गुरू नाही, पण मेखला मागे अडकवली कशी हे दगड सांगत नाही. तिथे धातूचीच वस्तू लागते. कोल्हापुरात टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात, इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आहे. धातूवर प्रकाश कसा पडतो ते तिच्यासमोर उभं राहून बघा.

शाई करताना बाहेरची रेघ जाड, आतली बारीक. सावली ठिपक्यांनी, घासून नाही. नायेलोसारखा काळा भराव असेल तर तो भरीव काळा करा आणि छेद तिरप्या रेघांनी भरा, नाहीतर दोन्हींत गल्लत होते. बारीक नक्षी दुप्पट आकारात काढा. ‘२ : १’ एवढंच लिहून भागत नाही, छपाईत चित्र लहान होतं, सेंटिमीटरची पट्टी चित्रातच आखा. आणि धातूच्या रकान्यात डोळ्यांच्या अंदाजानं ‘कांस्य’ किंवा ‘पितळ’ लिहू नका. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत तिथे ‘तांब्याचा मिश्रधातू’ एवढंच असू द्या.