फझ पेडलचा आवाज बसलेला, दोष निघाला ट्रान्झिस्टरच्या पायांत

कोपरखैरण्याला घरीच फझ फेसचं (गिटारचा आवाज फाटल्यासारखा जाड करणारं पेडल) सर्किट बनवलं, दोन ट्रान्झिस्टरवालं, पण गिटार जोडली तर आवाज एकदम बारीक, कुंथल्यासारखा. दोन रात्री नुसतं सोल्डर परत परत गरम केलं, खरं तर आधी मीटर लावायला हवा होता. ९ व्होल्टच्या बॅटरीवर दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला (त्याच्या तीन पायांपैकी एक) साधारण ४.५ व्होल्ट पाहिजेत, माझ्याकडे ८ च्या वर! मग कळलं, लेआउट (भाग कुठे लावायचे त्याचा नकाशा) २एन३९०४ ट्रान्झिस्टरचा आणि मी लावलेले बीसी५४९, सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर २एन३९०४ चे डावीकडून एमिटर-बेस-कलेक्टर आणि बीसी५४९ चे बरोब्बर उलटे. दोन्ही काढून फिरवून लावले, ट्रिमपॉटने (फिरवून कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर) कलेक्टरचं व्होल्टेज ४.५ वर आणलं, आणि पहिल्याच ई कॉर्डला जो जाडजूड आवाज आला ना, अंगावर काटा आला.