ओढ्यातल्या माशाचं हॅबिटॅट मॉडेल करायचं असेल तर

हॅबिटॅट मॉडेल म्हणजे मासा कसल्या जागा पसंत करतो, याचा आकड्यांतून काढलेला अंदाज. उदाहरण म्हणून ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस घेऊ. कृष्णा खोऱ्यातला छोटासा कॅटफिश, मत्स्यशास्त्रज्ञ होरांनी १९३८ मध्ये वर्णन केलेला, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत एन्डेंजर्ड, म्हणजे धोक्यात. छातीवर चुण्यांचं चिकटायचं अंग असतं, त्याच्या जोरावर जोरदार पाण्यातही दगडाला धरून राहतो.

बरेच जण काय करतात, मासा सापडला तिथली खोली, वेग मोजतात आणि म्हणतात याला हे आवडतं. अरे पण त्या ओढ्यात सगळीकडे तसंच असेल तर आवड कसली? म्हणून जिथे मासा मिळाला ते पॉइंट आणि त्याच पट्ट्यातले रँडम काढलेले पॉइंट, दोन्ही मोजायचे, तेही त्याच दिवशी, कारण वर कुठे धरणाचं पाणी सोडलं की सगळे आकडे बदलतात. रँडम पॉइंट डोहातले, काठावरचे कसेही येऊ देत, सोयीचे निवडू नका.

प्रत्येक पॉइंटला खोली, वेग आणि तळ. पाणी साधारण ७५ सेंमीपेक्षा कमी असेल तर वेग पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर घ्यायचा, जास्त असेल तर ०.२ आणि ०.८ ला घेऊन सरासरी. करंट मीटर नसेल तर संत्रं सोडून स्टॉपवॉच लावा, पण तो वरच्या पाण्याचा वेग असतो, ०.८५ ने गुणा, साधारण अंदाज येतो. तळासाठी २ ते ६४ मिमी खडी, २५६ पर्यंत गोटे, त्यापुढे धोंडे.

मासा शोधताना खाली जाळी धरून वरचे दगड हलवायचे आणि दगड परत जागेवर ठेवायचे, हे प्लीज विसरू नका, त्याचं घर आहे ते. अभयारण्यात वनविभागाची परवानगी आधी काढा. आणि नाही दिसला म्हणजे नाहीच असं नसतं, त्यामुळे काही जागा पुन्हा पुन्हा तपासा, मग ऑक्युपन्सी मॉडेल लावून, म्हणजे मासा असणं आणि तो दिसणं वेगळं धरणारं गणित वापरून, दिसण्याची शक्यता वेगळी काढता येते.

आता आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे पॉइंट माशाचा की रँडम हे खोली, वेग, तळ यांवरून सांगणारं समीकरण. खोली आणि वेगाचा वर्गही (स्क्वेअर) टाका, कारण माशाला अतीही नको असतं आणि कमीही. दोन व्हेरिएबलचं कोरिलेशन, म्हणजे एकमेकांशी असलेला संबंध, ०.७ च्या वर असेल तर एकच ठेवा, ओढा हा रँडम इफेक्ट, म्हणजे एकाच ओढ्यातले पॉइंट एकमेकांसारखे असतात हे मॉडेलला सांगायचं. दहा व्हेरिएबल कोंबून एआयसी (मॉडेलांची तुलना करायचा आकडा, कमी तितका चांगला) कमी झाला म्हणून खूश होणाऱ्यांचं मला काही कळत नाही, मासे मिळालेले असतात मूठभर.

रँडम पॉइंटशी तुलना केली असेल तर उत्तर सापेक्ष असतं हां, "इथे मासा असण्याची शक्यता ७० टक्के" असं रिपोर्टमध्ये लिहायचं नाही, ही जागा त्या जागेपेक्षा किती पसंतीची एवढंच.

शेवटी एक अख्खा ओढा बाजूला ठेवून मॉडेल बाकीच्यांवर बांधा आणि त्याच्यावर चालवून बघा. तिथे आपटलं तर ते मॉडेल दुसऱ्या नदीला लावू नका, आधी तिथले पॉइंट मोजा.