गोठ्याच्या आड्याला बाटली टांगा अन् ॲबस्ट्रॅक्ट चित्र काढा

ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे ओळखीचा आकार नसलेल्या चित्राला महागाचा कॅनव्हास अन् ऑइल कलरच लागते असं काही नाही बाप्पा. आपल्या नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले ॲबस्ट्रॅक्ट चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर अन् पॅलेट नाइफनं रंग लावायचे, मग आपण बाटली अन् सुतळी का नाही वापरायची? टांगलेल्या बाटलीच्या झोक्यातून रांगोळी सांडून चित्र काढायचं हे मशीन गावातल्या पोट्ट्यांनी एकदा तरी करून पाहावंच असं मला मनापासून वाटते.

आधी बेस. जुना बारदाना लाकडी चौकटीवर ताणून खिळे मारा. शेतातली काळी माती चाळून त्यात पाणी अन् फेविकॉल टाकून पातळ लेप द्या. जाड लेप दिला तर वाळल्यावर भेगा पडतात, कारण आपली काळी माती पाणी पिऊन फुगते अन् सुकली की आकसते. कोणाला भेगाच पाहिजे असतील तर मुद्दाम जाड द्या, फक्त तेव्हा बारदान्याऐवजी प्लायवूड घ्या, नाहीतर माती झडून जाते.

आता मशीन. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, बूड कापा, झाकणाला तापलेल्या खिळ्यानं तीनेक मिलिमीटरचं छिद्र पाडा. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा पंप अजिबात घ्यायचा नाही, कितीही धुतला तरी नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी अन् मजूर गेले, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. बाटली उलटी टांगायची, गळ्याभोवती तीन-चार जड नट टेपनं बांधायचे, हलकी बाटली लवकर थांबते.

टांगायला कडुनिंबाची फांदी नको, हवेनं हलते. गोठ्याचं आडं, म्हणजे छपराखालचं आडवं लाकूड घ्या. त्यावर दोन फुटांवर दोन खिळे, दोन्हींवरून सुतळी खाली बाटलीपर्यंत आणा अन् मध्ये कपडे वाळवायचा चिमटा लावून दोन्ही सुतळ्या एकत्र पकडा. सगळी करामत या चिमट्यात आहे. आड्याच्या लांबीच्या दिशेनं बाटली गेली की फक्त चिमट्याखालची सुतळी झुलते, आड्याला आडवी गेली की पूर्ण सुतळी झुलते, म्हणून दोन दिशांचे झोके वेगवेगळ्या वेगाचे होतात अन् रेघ वळत जाते. लांबी चौपट केली की झोक्याला दुप्पट वेळ लागते. आड्यापासून बाटली २०० सेंटिमीटर खाली असली अन् चिमटा बाटलीपासून ५० सेंटिमीटर वर लावला तर आधी धनुष्यासारखी वाकडी रेघ येते अन् ती सरकत गेली की इंग्रजी आठसारखा आकार होते. चिमटा ८९ सेंटिमीटरवर सरकवला तर गुंतलेली जाळी येते, मला तीच जास्त आवडते. असा झोका नॅथॅनियल बाउडिच या अमेरिकन गणितज्ञानं १८१५ मध्येच अभ्यासला होता.

बेस वाळला की बाटलीखाली आडवा ठेवून त्यावर अर्धं पाणी घातलेलं फेविकॉल फिरवा अन् लगेच कामाला लागा. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आतच करजा, नंतर ऊन तापलं की फेविकॉल पटकन धरून बसते अन् रांगोळी चिकटत नाही. पांढरी रांगोळी मैद्याच्या चाळणीतून काढून बाटलीत भरा, छिद्रावर बोट ठेवा, बाटली तिरपी, म्हणजे कोपऱ्याकडे ओढा अन् नुसती सोडा. ढकलायची नाही, ढकललं की पहिलाच फेरा वाकडा येते. झोका हळूहळू लहान होते, रांगोळी सांडते तसा बाटलीतल्या वजनाचा मध्य सरकते, त्यामुळे एक रेघ दुसरीवर बरोबर बसत नाही, थोडी सरकत जाते, अन् चित्राचा खरा जीव त्या सरकण्यात आहे.

वाळलं की चौकट उभी करून मागून टिचकी मारा, सुटी रांगोळी झडून जाईल. मग पुन्हा फेविकॉल, चिमट्याची जागा बदला, अन् दुसरा थर गेरूच्या भुकटीचा. तिसरा रंग पाहिजे असेल तर मार्चमध्ये पळसाची फुलं उकळून ठेवा, चिमूटभर चुना टाकला की केशरी गडद होते. पण तो रंग उन्हात उडते, म्हणून ते चित्र ओसरीत लावू नका, आतल्या भिंतीला लावा.

सायकलचं जुनं चाक असेल तर त्याचं एक्सल जमिनीत रोवलेल्या पाइपात उभं पक्कं करून चाक आडवं बसवा, वर कागद बांधा, फिरवा अन् पातळ गेरू मधोमध ओता. रंग कडेला पळते अन् शिंतोडे लांबवर उडतात, म्हणून भोवती जुनं फ्लेक्स बांधा, अन् चाक आपोआप थांबेपर्यंत कागदाला हात लावू नका.