बर्फावरचा पहिला पतंग
नॉर्वेच्या हार्डांगरविड्डा पठारावर स्नोकाइटिंग, म्हणजे पतंगाच्या ओढीने बर्फावर घसरणं, शिकायला निघाला असाल, तर पहिला पतंग डीपॉवर होणारा, म्हणजे ओढ हवी तेव्हा कमी करता येणारा, फॉइलच (हवेने फुगणाऱ्या कापडी कप्प्यांचा पतंग) घ्या. बार, म्हणजे हातातला पतंग चालवायचा दांडा, अंगापासून दूर सोडला की पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन कमी होतो आणि ओढ तिथल्या तिथे उतरते. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, म्हणून दोन मापांत मन अडकलं तर लहान घ्या. बर्फावर स्की घसरायला थोडी ओढही पुरते. शिकताना उघड्या कप्प्यांचाच बरा: हवा आपोआप भरते, पंप लागत नाही, उतरवला की लवकर रिकामा होतो. आणि दुकानातच जाड हातमोजे घालून सेफ्टी रिलीज, म्हणजे संकटात पतंगाची ओढ तोडणारा लाल भाग, चालवून पाहा. खरंच पाहा! गारठलेल्या बोटांनी तो लाल भाग चाचपडत बसायला तिथे वेळ नसतो.