ग्रामसभेत कोण कुठे बसतं, कोण कुणाला काय म्हणतं: नोंद कशी घ्यावी

गावातली उतरंड पाहायची असेल तर ग्रामसभेइतकी सोयीची जागा नाही. १९५८च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावच्या मतदारयादीतला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो, म्हणजे कागदावर सगळे सारखे. प्रत्यक्षात काय होतं ते वही-पेन घेऊन दोन तासांत टिपता येतं.

सभेच्या आधी अर्धा तास पोहोचा आणि रिकाम्या जागेचा नकाशा काढा: टेबल, खुर्च्या, सतरंजी, दार, पाण्याचा पिंप. सभा कार्यालयात आहे, शाळेत आहे की देवळाच्या सभामंडपात, हे आधी लिहा. देवळात असेल तर पायरीखाली उभं राहून ऐकणारे कोण, तेही मोजायचं. मग दर वीस मिनिटांनी त्याच नकाशावर माणसं भरा. पुरुष, बाई, अंदाजे वय आणि वस्ती एवढं पुरे. नावांऐवजी आकडे वापरा. जात तोंडावर विचारू नका. ती बहुतेकदा वस्तीवरून कळते. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तरी बोलण्यात जुनी नावं ऐकू येतात. वस्तीवरून काढलेली जात हा अंदाजच असतो. सभेनंतर ओळखीच्या दोघांकडून तो वेगवेगळा पडताळा.

मुख्य काम संबोधनांचं. वहीत पाच रकाने आखा: कोण बोललं, कुणाला, काय म्हणून हाक मारली, क्रियापद कोणतं (ये की या, बस की बसा) आणि पुढे काय झालं. शेवटच्या रकान्यात 'नोंदलं', 'हसण्यावारी नेलं', 'मध्येच तोडलं', 'दुसऱ्यानेच उत्तर दिलं' असं थोडक्यात लिहा.

नुसता 'तू' मोजून काही कळत नाही. दोघंही एकमेकांना 'तू' म्हणत असतील तर ती दोस्ती किंवा भावकी. एकाने 'तू' आणि दुसऱ्याने 'तुम्ही' म्हटलं तर आधी वय पाहा. थोराने धाकट्याला 'तू' म्हणणं सगळीकडेच चालतं. खरी खूण उलट्या जोडीत सापडते: पंचविशीतला पोरगा साठीच्या माणसाला 'काय रे गण्या' म्हणतो आणि तो माणूस 'व्हय अण्णा' म्हणतो. आबा, अण्णा, तात्या ही बिरुदं कुणाच्या वाट्याला येतात आणि नावामागचा 'या' कुणाला चिकटतो, याची वेगळी यादी ठेवा. बोलीचं भान मात्र हवं. मालवणी मुलखात घरातल्या थोरांनाही 'तू' सहज चालतं; तिथे क्रियापदापेक्षा हाकेवर लक्ष द्या.

सरपंच बाई असेल तर आणखी एक मोजणी करा. २०११पासून राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण प्रश्न विचारणाऱ्याची नजर कुठे जाते ते बघा: बाईंकडे, ग्रामसेवकाकडे, की मागे बसलेल्या सरपंचपतींकडे? दहा प्रश्नांपैकी किती उत्तरं बाईंनी स्वतः दिली, तो आकडा लिहा. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ती झाली असेल तर तीही पाहा. तिथे मोकळेपणी बोलणाऱ्या बायका मुख्य सभेत गप्प राहिल्या, तर त्यांना बोलता येत नाही म्हणून नव्हे, एवढं तरी सिद्ध होतं.

फसगत होते ती बहुधा निरीक्षकाच्या जागेमुळे. पाहुणा म्हणून टेबलाजवळ खुर्ची देतील. तिथे बसलात की लोक तुमच्याकडे बघून 'आपण', 'माननीय' असं बोलू लागतात. दाराशी, सतरंजीच्या कडेला बसा. पहिल्या अर्ध्या तासातल्या नोंदींवर फार विसंबू नका, कारण वहीची सवय व्हायला वेळ लागतो. चहा येईल तेव्हा लिहिणं थांबवा आणि नुसतं बघा: काचेचा पेला कुणाला, कागदी कुणाला, आणि न मागता कुणाला मिळाला. १५ ऑगस्टच्या सभेला झेंडावंदनाची गर्दी असते, म्हणून एवढ्या एकाच सभेवरून निष्कर्ष काढू नये. गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेशी माणसं न जमल्यामुळे, तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. त्या दिवशी कोण आवर्जून हजर राहतं ते नक्की टिपा. हजेरीच्या सह्या सभेनंतर घरोघर फिरून घेतल्या जात असतील, तर ते रजिस्टर पुरावा म्हणून धरू नका. डोकी स्वतः मोजा.

शेवटी इतिवृत्ताची प्रत मागून घ्या आणि आपल्या रकान्यांशी ओळीने ताडून पाहा. पाणंद रस्त्याचा किंवा नळाचा एकच प्रश्न दोघांनी मांडलेला असतो. पहिल्याचं 'बघू' म्हणून सुटतं, दहा मिनिटांनी दुसरा तेच बोलतो आणि ठरावात सूचक म्हणून त्याचं नाव लागतं. अशा जोड्यांवर लाल खूण करा.